जुन्या मोंढ्यातील पडीक इमारतीचे कलाघर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, जुन्या मोंढ्यातले (धान्य-कापसाच्या बाजारपेठेतले) अडतीचे बंद गोदाम आम्ही काही जणांनी मिळून तालमी, वर्ग आणि प्रदर्शनांसाठी उघडले. तेव्हापासून परभणी, अंबाजोगाई, उदगीर, कन्नड अशा ठिकाणांहून चौकशा येत असतात. विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र बहुधा तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कायद्यांचे उल्लेख दिशा कळावी एवढ्यापुरतेच आहेत. प्रत्यक्ष कागद करताना स्थानिक वकील आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठावाच लागतो.

१. कलाघर म्हणजे नेमके काय? ते छोटे नाट्यगृहच नव्हे का?

नाट्यगृह प्रयोगाच्या संध्याकाळी जागे होते, तर कलाघराचे खरे काम उरलेल्या दिवसांत चालते. छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह आहे, नांदेडलाही प्रेक्षागृह आहे. परंतु राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन-दोन महिने तालीम करणारी हौशी मंडळी ती तालीम करतात कोठे? कोणाच्या तरी गच्चीवर, मुख्याध्यापकांची बदली होईपर्यंत शाळेच्या वर्गात, किंवा लगीनसराई सुरू होईपर्यंत मंगल कार्यालयात. आपल्या भागाची पहिली गरज कुलूप, दिवे, पंखे आणि स्वच्छतागृह असलेली अशी खोली आहे, की जिच्यात अर्धवट नेपथ्य रात्रभर तसेच ठेवून जाता येईल. म्हणून सपाट जमीन, उचलून ठेवता येणाऱ्या खुर्च्या आणि सुटे चौथरे एवढ्यावर सुरुवात करावी. कायमचा रंगमंच बांधला की जागेचा निम्मा भाग सकाळच्या चित्रकला वर्गाला निरुपयोगी होतो.

२. नावात 'कला केंद्र' हे शब्द घालावेत का?

आमचा सल्ला 'नाही' असा आहे. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत महामार्गालगत 'लोकनाट्य कला केंद्र' अशा पाट्या दिसतात. तेथे संगीतबारी, म्हणजे लावणी-गाण्याच्या बैठका, चालते आणि त्यांचे परवाने वेगळे असतात. ती कलावंतांच्या पोटापाण्याची जागा आहे आणि तिच्याकडे नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. पण आपल्या अर्जावर तेच शब्द दिसले की कचेरीतल्या टेबलावर आणि शेजाऱ्यांच्या मनात भलताच अर्थ घेतला जातो. आमच्या पहिल्या अर्जावर याच एका शब्दापायी तीन हेलपाटे घालावे लागले. 'कलाघर', 'तालीमघर', 'कलादालन' यांपैकी काहीही चालेल.

३. वाडा, बंद शाळा, चित्रपटगृह की गोदाम? कोणती इमारत निवडावी?

आपल्याकडील बहुतेक शहरांत 'जुना मोंढा' आणि 'नवा मोंढा' अशी जोडी असते. धान्य आणि कापसाचा व्यवहार बाजार समितीच्या नव्या आवारात गेला आणि गावाच्या ऐन मध्यभागी अडतीची दुकाने व गोदामे रिकामी पडली. अशा गोदामात खांब कमी, उंची भरपूर आणि दरवाजा मालमोटारीला पाठ लावता येईल एवढा रुंद असतो; तालमीला आणि प्रदर्शनाला याहून सोयीचे काय हवे? कोचीतील ॲस्पिनवॉल हाऊस हे एकेकाळी मसाल्याच्या व्यापाराचे आवार होते आणि २०१२ पासून तेथे कोची-मुझिरिस बिएनालेची प्रदर्शने भरत आली आहेत, ती याच गुणांमुळे.

वाडा देखणा असतो. पण ढाळज (दरवाजालगतची ओसरी), चौक आणि लहान-लहान खण अशी त्याची रचना असल्याने पन्नास माणसे एकत्र बसतील अशी एकच जागा त्यात क्वचित सापडते, शिवाय वारसांची संख्या खणांपेक्षा जास्त असते. ग्रंथालय, लहान दालने, चार-सहा मुलांचे वाद्यवर्ग यांसाठी मात्र तो उत्तम. बंद शाळा सर्वांत सोपी, कारण तिचा मालक एकच आणि सार्वजनिक असतो (प्रश्न ५ पाहा). चित्रपटगृहाची उतरती जमीन भरून काढण्याचा खर्च सुरुवातीला कोणी धरत नाही. तो आधी धरावा.

४. मालकी कशी तपासावी? कागद उर्दूत आहेत आणि घरात कोणाला वाचता येत नाहीत.

पहिली पायरी म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढणे आणि ती नगरपरिषदेच्या कर आकारणीच्या उताऱ्याशी ताडून पाहणे. कर भरणाऱ्याचे नाव म्हणजे मालकाचे नाव नव्हे, ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरी पायरी खास आपल्या भागातली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या काळातील दफ्तर आधी फारसी व नंतर उर्दूत आहे. त्यामुळे जुना कागद दिसला की तो जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि त्यात इनाम, मदतमाश, खिदमतमाश किंवा 'मुंतखब' असे शब्द आहेत का ते आवर्जून विचारावे. हे शब्द आढळल्यास जागा इनामी, देवस्थानची किंवा वक्फची असू शकते आणि मग साधा भाडेकरार पुरत नाही. वक्फ मिळकत असल्यास महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाकडे चौकशी करावी लागते. मंडळाचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीच्या आवारात आहे. याचा अर्थ अशी जागा मिळतच नाही असा नाही. ज्याला देण्याचा अधिकार आहे त्याच्याकडूनच ती मिळते, एवढेच.

तिसरी पायरी वारसांची. पत्रिकेवर आजोबांचे नाव असेल तर सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. पुण्यात राहणाऱ्या आणि वीस वर्षे गावी न फिरकलेल्या आत्याबाईंचीही, किंबहुना त्यांची आधी.

५. इमारत नगरपरिषदेची आहे. ती संस्थेला मिळू शकते का?

मिळू शकते, पण नगराध्यक्षांच्या तोंडी आश्वासनावर नव्हे. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता देण्याची पद्धत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ९२ आणि त्याखालील १९८३ च्या नियमांनी बांधलेली आहे. महानगरपालिकेसाठी १९४९ च्या अधिनियमातील कलम ७९ पाहावे. सर्वसाधारण सभेचा ठराव, मूल्यांकन आणि बहुधा जाहीर प्रक्रिया यांतून जावे लागते. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात येईपर्यंत एक खिळाही ठोकू नये.

जागा भाड्याने मागण्याऐवजी इमारत नगरपरिषदेकडेच ठेवून केवळ चालवण्याचा करार मागावा, हा मार्ग आम्हाला अधिक पटतो. नगरपरिषदेच्या ताब्यातील इमारतीवर आमदार निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा शासनाचे विशेष अनुदान खर्च करणे सोपे जाते. खासगी मालकाच्या छपरावर हाच पैसा सहसा घालता येत नाही. तोटा असा की कुलपाच्या दोन किल्ल्या होतात आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे दर निवडणुकीनंतर नव्याने शोधावे लागते.

६. मालक खासगी आहे. भाडेपट्टा करावा की लिव्ह अँड लायसन्स?

मालकाला नेहमी लायसन्स, म्हणजे केवळ वापराची परवानगी देणारा करार, हवे असते, कारण भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही अशी त्याची भीती असते, आणि मोंढ्यातल्या जुन्या खटल्यांकडे पाहिले तर ती अगदीच अनाठायी नाही. दोन्ही प्रकारचे करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. फरक पुढे जाणवतो: मालकाने इमारत विकली तर नोंदणीकृत भाडेपट्टा नव्या मालकावरही चालू राहतो, लायसन्स मात्र त्याच्यावर आपोआप बंधनकारक राहत नाही.

म्हणून रंगरंगोटीपुरताच खर्च करणार असाल तर लायसन्स पुरे. छप्पर बदलणार असाल तर खर्च भरून निघेल एवढ्या मुदतीचा भाडेपट्टाच करावा, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता होईल की नाही, बसवलेले पंखे-दिवे शेवटी कोणाचे, हे त्यातच लिहावे. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आमच्याकडे 'ही भेग आधीचीच' हा वाद याच एका गोष्टीमुळे पाच मिनिटांत मिटला.

७. आधी संस्था नोंदवावी की आधी जागा मिळवावी?

आधी संस्था, कारण करार व्यक्तीच्या नावावर झाला की ती व्यक्ती रुसल्यावर कलाघरही रुसते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवण्यास किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, ज्याला सगळे 'धर्मादायची नोंदणी' म्हणतात. सात जणांत एखादा हिशेब ठेवू शकणारा माणूस असावा. सातही जण नट असू नयेत.

८. इमारतीवर 'धोकादायक' अशी नोटीस लागली आहे. म्हणजे विषय संपला का?

नोटिशीत कोणता वर्ग लिहिला आहे ते पाहा. आपल्या राज्यात संरचना परीक्षणानंतर साधारणपणे चार वर्ग सांगितले जातात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-२ए वर्गातील इमारत हाती घेण्यासारखी असते. बहुतेक पडीक गोदामे त्याच वर्गात येतात असा आमचा अनुभव आहे. वर्गाचा उल्लेखच नसेल आणि नोटीस केवळ बाहेरून पाहून चिकटवलेली असेल, तर स्वतःच्या खर्चाने परीक्षण करून घेऊन लेखी उत्तर द्यावे. सी-१ असेल तर मात्र हळहळ बाजूला ठेवावी.

९. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद (मातीचे सपाट छप्पर) आहे. भूकंपात काय होईल?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो, आणि तो लातूर-धाराशिवकडून यावा हे स्वाभाविकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात हजारो माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव घरांच्या भिंती आणि माळवदे अंगावर येऊन गेला. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. २००२ च्या भूकंपविषयक मानकात तो वरच्या पट्ट्यात घेतला गेला. २०२४ मध्ये हिंगोली परिसरात बसलेले धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, ते अनेकांच्या लक्षात असतील.

दोष कोठे होता हे समजून घेतले की उपाय समजतो. अडीच-तीन फूट जाडीची ती भिंत प्रत्यक्षात एक भिंत नसते. बाहेरच्या घडीव दगडांचा एक पापुद्रा, आतल्या ओबडधोबड दगडांचा दुसरा आणि मध्ये माती व कपच्यांची भर, अशी तिची रचना असते. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात आणि भिंत मधूनच फुगून कोसळते. त्यात वरचे ओझे: तुळया, कड्या, त्यांवर किलचन (लाकडी पट्ट्यांचा थर) आणि त्यावर पांढरी माती. ही माती दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वरून आणखी पसरली जाते, पण जुनी कोणी काढत नाही. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाहून अधिक वजन. दीड फुटांचे माळवद चौरस मीटरला किती भार टाकत असेल याचा हिशेब आपणच करावा.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम माळवदावरची जादा माती उतरवावी, मात्र सगळीकडून सारखी, म्हणजे एका बाजूचा भार अचानक हलका होणार नाही. मग इंजिनिअर सांगेल त्या अंतरावर भिंतीत आरपार भोके घेऊन दगड किंवा सळईसह काँक्रीटचे टाके बसवावेत. त्यानंतर भिंतींच्या माथ्यावरून, कोपऱ्यांत न तुटता, चारही बाजूंनी पट्टा फिरवावा आणि छताच्या तुळया त्या पट्ट्याला बांधून घ्याव्यात. किल्लारीनंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी हेच उपाय वापरले गेले. माळवद काढून सरसकट स्लॅब टाकणे मात्र टाळावे. मातीत बांधलेल्या भिंतींच्या डोक्यावर जड आणि ताठ छप्पर ठेवून धोका कमी होत नाही.

भिंतीतल्या प्रत्येक भेगेला भूकंपाचे नाव देऊ नये. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायाशी दर वर्षी हालचाल होते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी आणि एक उन्हाळा व एक पावसाळा वाट पाहावी. पट्टी तडकली तर भेग चालू आहे, नाहीतर ती जुनी आहे.

१०. भिंतींना सिमेंटचे प्लास्टर केले तर लवकर काम होईल का?

लवकर होईल आणि लवकरच पडेल. आम्ही पहिल्या वर्षी हीच चूक केली. पश्चिमेची भिंत पावसाने खराब झाली होती, गवंडी तयार होता, उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. आम्ही चुन्यावर सिमेंट चढवले. जुनी चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही. दोन पावसाळ्यांत कमरेइतक्या उंचीवर लोणा फुटला, पांढरी भुकटी बोटाला लागू लागली, आणि एका मंगळवारी तबल्याच्या वर्गात फळीएवढा पापुद्रा खाली आला. त्या कोपऱ्यातली सतरंजी सुदैवाने रिकामी होती.

नंतर ते सगळे खरवडून चुन्याचे काम केले. चुना आधीपासून भिजत घालून मुरवावा लागतो, वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या चक्कीत) मळावा लागतो; जुने कारागीर त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा काढा घालतात. हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत करावे. एप्रिल-मे महिन्यांत गिलावा एका दिवसात सुकतो आणि तडकतो, शिवाय त्याला मारायला पाणी कोठून आणणार? घाणी चालवणारा कारागीर शोधण्यात आम्हाला चार महिने लागले. जुन्या मंदिराचा किंवा दर्ग्याचा जीर्णोद्धार कोठे चालू आहे याची चौकशी केल्यावर तो सापडला.

११. भिंतीतून पिंपळ उगवला आहे. उपटून काढावा का?

उपटू नये. मुळाबरोबर दगडही निघतो. बुंधा कापून, मूळ मारून, ते सुकल्यावर पोकळी चुन्याने भरावी. तुळयांना वाळवी आहे का ते टोच्याने टोचून पाहावे; भिंतीत गेलेले टोक आधी तपासावे, कारण ते दिसत नाही आणि कुजते तेच.

१२. वरच्या मजल्यावर नृत्याचा वर्ग घेता येईल का?

राहण्याच्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, तर खुर्च्या हलवता येतील अशा सभागृहासाठी ५०० किलो. अडत्याच्या पेढीचा वरचा मजला चोपड्या ठेवण्यासाठी आणि चार मुनिमांसाठी बांधलेला असतो. त्यावर तीस मुली एका तालावर पाय आपटू लागल्या की केवळ वजनाचा नव्हे, ठेक्याचाही भार येतो. कथ्थक आणि लेझीम खाली, चित्रकला आणि वाचन वर, अशी विभागणी इंजिनिअरचा लेखी आकडा येईपर्यंत तरी ठेवावी.

१३. कोणकोणत्या परवानग्या लागतात?

पहिली परवानगी वापर बदलण्याची. गोदामाचे सभास्थान होते आहे, आणि २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार त्यासाठी नगररचना विभागाची मंजुरी घ्यावी लागते. दुसरी आगीसंबंधी. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार यंत्रणा बसवणे आणि चालू ठेवणे ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. गोदामाचे शटर हा बाहेर पडण्याचा मार्ग धरला जात नाही. बाहेरच्या बाजूला उघडणारी किमान दोन दारे, आणि तीही एकमेकांपासून दूर, करून घ्यावीत. तिसरी परवानगी पोलिसांकडील, जाहीर कार्यक्रमांची. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली असावी आणि लेखकाची परवानगी वेगळी घ्यावी. चित्रपट दाखवायचा असेल तर त्याचे प्रमाणपत्र, हक्कधारकाची लेखी संमती आणि प्रदर्शनाचा परवाना यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. 'पेनड्राइव्हमध्ये आहे' ही परवानगी नव्हे.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असते, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मोंढ्यातील ओटे मालमोटारीच्या उंचीचे, तीन-साडेतीन फुटांचे असतात. त्यामुळे हा उतार सरळ रस्त्यात न उतरवता इमारतीच्या कडेने वळवून न्यावा लागतो. नकाशा काढतानाच त्याची जागा सोडावी.

१४. शेजारी आवाजाची तक्रार करतात. शिवाय आत बोललेले घुमते.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे, पण पत्र्याचे छप्पर आणि उघडी झरोकी असलेले गोदाम 'बंदिस्त' आहे असे शेजाऱ्याला कसे पटवणार? आम्ही ढोल आणि हलगी सायंकाळी ७ नंतर बंद ठेवतो.

घुमण्यावर उपाय म्हणून आम्ही भिंतींवर बारदान लावले होते. मोंढ्यात ते फुकटात मिळते आणि आवाज छान शोषते. आग तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ते पाहताच काढायला लावले, आणि ते बरोबरच होते. आता लाकडी चौकटीत खनिज लोकर भरून वर जाड सुती कापड ताणले आहे, आणि चौकट भिंतीपासून दोन बोटे सुटी ठेवली आहे, म्हणजे चुन्याची भिंतही श्वास घेते.

१५. पैसे कोठून उभे करावेत?

एका वेळी सगळे उभे राहत नाहीत आणि राहूही नयेत. छप्पर, वीज आणि स्वच्छतागृह एवढे झाले की एक दालन उघडावे. चालू असलेल्या जागेसाठी मिळणारी वर्गणी ही नकाशा दाखवून मिळणाऱ्या वर्गणीपेक्षा नेहमीच जास्त असते. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्यातील कारखान्यांकडे जाण्यापूर्वी हे माहीत असावे की कंपनी अधिनियम २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी ज्यांवर खर्च करता येतो त्या विषयांच्या यादीत, कला-संस्कृतीचे जतन, ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींची दुरुस्ती आणि पारंपरिक कलांचा विकास हे विषय स्पष्टपणे दिलेले आहेत. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. कंपन्यांना फलक लागेल अशी वस्तू द्यायला आवडते, म्हणून त्यांच्याकडे दिवे, वाद्ये, उताराचे बांधकाम मागावे. वीजबिल आणि राखणदाराचा पगार मात्र वर्गांच्या शुल्कातूनच निघायला हवा. तसे होत नसेल तर छप्पर कितीही मजबूत असले तरी दुसऱ्या वर्षी कुलूप लागते. सार्वजनिक निधीसंबंधी प्रश्न ५ पाहावा.

१६. ओट्यावर हमाल बसतात, समोर हातगाड्या लागतात. त्यांना कसे हटवावे?

आम्ही हा प्रश्न अगदी याच शब्दांत विचारला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ताबा मिळाल्यावर आम्ही ओट्याला लोखंडी जाळी लावली. दुपारी दोनच्या सुमारास एक वयस्कर हमाल आले, खांद्यावरचा पंचा जाळीवर टाकला आणि म्हणाले, "सावली बी आता भाड्यानं देनार का?" मोंढा गेला तरी आसपासची किराणा दुकाने चालूच होती आणि ही माणसे तीस वर्षे दुपारची भाकर त्याच ओट्यावर खात होती. इमारत पडीक होती ती आमच्या दृष्टीने.

जाळी आठ दिवसांत काढली. ओटा रस्त्याकडे उघडा ठेवला, कडेला पाण्याचा रांजण आणि नळ दिला, आणि प्रवेशद्वार बाजूच्या बोळातून घेतले. हमालांचे एक भजनी मंडळ आहे. एकादशीच्या संध्याकाळी दालन त्यांचे असते आणि त्याचे भाडे घेतले जात नाही. एकनाथांचे भारूड आमच्या नाट्यवर्गातील मुलांना त्यांच्याकडून शिकायला मिळाले. हातगाड्यांशी वेळ ठरवून घेतली, आणि आता सामान उतरवायचे असले की गाडी कोण सरकवणार हे विचारावे लागत नाही.

म्हणून नकाशा काढण्यापूर्वी आठवडाभर सकाळ, दुपार आणि रात्री समोर बसून ती जागा आज कोण कशासाठी वापरते याची वही करावी.

१७. उन्हाळ्यात आत बसवत नाही, आणि पाणीही नसते. काय करावे?

माळवद टिकवले असेल तर निम्मा प्रश्न सुटलेला असतो. पत्रा असेल तर त्यावर पांढरा चुना मारावा, खाली छत घ्यावे आणि माथ्यावरची झरोकी उघडी ठेवावीत. मे महिन्यात वर्ग सकाळी ७ ते १० एवढेच ठेवावेत. पाण्यासाठी छपराची पन्हाळ टाकीत सोडावी. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरून स्वच्छतागृहांची संख्या ठरवू नये.

१८. लग्न, वाढदिवस किंवा राजकीय सभेसाठी जागा द्यावी का?

पैसे चांगले मिळतात, म्हणून मोह होतो. आमचा नियम एकच आहे: आत अन्न शिजणार नाही. या एका वाक्याने नव्वद टक्के मागण्या भांडण न होता मिटतात, आणि गॅसची टाकी आत न येणे हे प्रश्न १३ मधील आगीच्या अटींनाही धरून आहे. मुशायरा, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन सर्वांना खुले आहे, पण पक्षाचा झेंडा लागेल अशी सभा कोणाचीच घेत नाही. हा नियम निवडणूक जाहीर होण्यापूर्वी लेखी करून दारावर लावावा. नंतर लावला तर तो कोणाविरुद्ध लावला याचीच चर्चा होते.

१९. आमची इमारत संरक्षित स्मारकाजवळ आहे. दुरुस्तीही करता येणार नाही का?

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा विनियमित असतो. संभाजीनगरातील बीबी का मकबरा किंवा दौलताबादचा किल्ला ही अशा स्मारकांची उदाहरणे. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही; अस्तित्वातील इमारतीची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्य अधिनियम वेगळा आहे. अर्जात 'नूतनीकरण' असा मोघम शब्द न लिहिता कोणती तुळई आणि कोणती भिंत हे नेमके लिहावे.

२०. दर्शनी भिंतीवर जुन्या अडतीचे नाव रंगवलेले आहे. ते पुसावे का?

मालकाची आणि त्या घराण्याची हरकत नसेल तर ठेवावे. नवे नाव बाजूला, लहान अक्षरांत, सुट्या पाटीवर लावावे. रंगवलेली अक्षरे घासू नयेत, चुन्याच्या पातळ हाताने आजूबाजूची भिंतच सारखी करावी. आम्ही तसेच केले. त्यामुळे अजूनही कधीकधी टपाल जुन्या अडतीच्या नावाने येते, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तेच नाव सांगावे लागते.